हाताचे पाप काळाच्या माथी

१८८४ सालचा नोव्हेंबर महिना. न्यूयॉर्कच्या चार्ल्स एल. वेब्स्टर आणि कंपनीत मोठी धांदल उडाली होती. मार्क ट्वेनची 'हकलबरी फिन' ही कादंबरी छापून होत आली होती. नाताळच्या बाजारात ती आणायची होती. घरोघर फिरून गिऱ्हाइके नोंदवणाऱ्या एजंटांच्या हाती नमुन्याच्या प्रती गेल्याही होत्या. आणि अशा वेळी २८३ व्या पानावरच्या चित्रात कोणीतरी खोडसाळपणा केल्याचे उघडकीस आले. त्या चित्रात सायलस काका नावाचे एक सज्जन, वयस्क गृहस्थ उभे आहेत. छापखान्यातल्या कोणा अज्ञात इसमाने ठशात हात घालून त्यांच्या विजारीच्या जागी असे काही कोरून ठेवले होते, की ते पान लेकीबाळींच्या हाती देता येऊ नये. मग काय विचारता! छापलेल्या प्रतींतले ते पान कापून तिथे दुसरे चिकटवण्यात आले. नमुन्याच्या प्रतींतूनही ते काढून टाकण्याचे हुकूम सुटले. गुन्हेगार पकडून देणाऱ्याला ५०० डॉलरांचे बक्षीस जाहीर झाले. गुन्हेगार काही सापडला नाही. नाताळ हुकला, आणि पुस्तक अमेरिकेत निघाले ते १८८५ च्या फेब्रुवारीत.

ही हकीगत पुस्तकवेड्या मंडळींत मोठ्या चवीने सांगितली जाते. मीही ती प्रथम वाचली तेव्हा हसलो. पुढे मात्र तिच्यातली एक गोष्ट मला टोचू लागली. ह्या पुस्तकात एकूण १७४ चित्रे आहेत. त्यांतल्या एका चित्रावरून एवढा गहजब झाला, याचा अर्थ उरलेली १७३ चित्रे त्या शिष्टसंमत समाजाला स्वच्छ वाटली. त्या १७३ चित्रांत जिमची चित्रे आहेत. पळालेला गुलाम जिम. मिसिसिपी नदीवरच्या तराफ्यावर हकचा सोबती झालेला, बायकामुलांची आठवण काढून रडणारा, त्या सबंध कादंबरीत मोठ्या मनाचा म्हणावा असा जवळजवळ एकटाच प्रौढ माणूस. त्याचे चित्रकाराने काय करून ठेवले आहे ते पाहावे, आणि मग अश्लील चित्र कोणते ते ठरवावे.

ह्या चित्रकाराचे नाव एडवर्ड विंडसर केंबल. त्याची तरफदारी करणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो : "अहो, काळच तसा होता. त्या बिचाऱ्याने आपल्या काळाप्रमाणे काढले. आजच्या फूटपट्टीने कालच्या माणसाला मोजू नये." हा युक्तिवाद ऐकायला मोठा उदार वाटतो. तो खरा नाही, एवढेच मला सांगायचे आहे. मॅट्रिकपुढे कॉलेजची पायरी न चढलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तराने अमेरिकेतल्या चित्रकारावर बोलावे, हे कोणाला आगाऊपणाचे वाटेल. वाटो. चित्र पाहून मुले काय शिकतात हे मी वीस वर्षे रोज पाहतो आहे. तेवढा अधिकार मला पुरे आहे.

आधी केंबलचे जे द्यायचे ते देऊन टाकतो. त्याचा जन्म १८६१ चा, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटोचा. बाप वृत्तपत्रव्यवसायातला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण जेमतेम; न्यूयॉर्कच्या एका कलासंस्थेत थोडे दिवस काढले असतील तेवढेच. विशीतच तो 'डेली ग्राफिक' ह्या दैनिकात चित्रे काढू लागला, आणि १८८३ साली 'लाइफ' हे विनोदी साप्ताहिक निघाले तेव्हा त्यात. तिथे मधमाशी चावलेल्या एका पोराचे त्याचे चित्र ट्वेनच्या पाहण्यात आले. हाच माझा हक काढील, असे ट्वेनला वाटले. केंबलचे वय त्या वेळी अवघे तेवीस.

पूर्वी अमेरिकेत चित्रकार चित्र काढी, आणि दुसराच कोणी कारागीर ते लाकडाच्या ठोकळ्यावर कोरी. रेघ एकाची, हात दुसऱ्याचा. केंबलच्या उमेदीच्या काळात छायाचित्रणाच्या साहाय्याने धातूचे ठसे निघू लागले; आपल्याकडे पुढे ज्याला लाइन ब्लॉक म्हणू लागले तोच प्रकार. त्यामुळे कलमाची रेघ जशीच्या तशी कागदावर उतरू लागली. केंबलची रेघ ह्या नव्या सोयीसाठीच जन्माला आल्यासारखी आहे. चपळ, खरखरीत, थोडक्यात काम उरकणारी. पुस्तकाच्या आरंभीच बंदूक आणि मेलेला ससा घेऊन उभा असलेला, गवती हॅटवाला हक पाहा. कोणालाही मोह पडावा असे ते पोर आहे. राजा आणि ड्यूक म्हणवणारे ते दोन भामटे पाहा. मास्तराच्या नजरेतून बघतो तरी मला त्यात खोट काढता येत नाही.

शिवाय ही पुस्तके दुकानात विकली जात नसत. एजंट खेड्यापाड्यांतून दारोदार हिंडे, नमुना दाखवी, नाव आणि पैशाचे वचन घेई. घेणारा शेतकरी पुस्तकाची जाडी चाचपी आणि चित्रे मोजी. ट्वेनचे 'इनोसंट्स अब्रॉड' १८६९ साली ह्याच पद्धतीने खपले होते आणि त्यात दोनशेवर चित्रे होती. म्हणजे ह्या धंद्यात चित्र ही शोभेची वस्तू नव्हती. एजंट दारात उभा राहून पुस्तक उघडी तेव्हा गिऱ्हाईक आधी चित्र पाही, मग मजकूर, आणि पुष्कळ घरांत मजकूर वाचण्याचा प्रसंगच येत नसे. जिम कसा होता हे हजारो घरांनी ट्वेनकडून ऐकलेच नाही, केंबलकडून पाहिले.

आता तो जिम केंबलने कुठून आणला? ही गोष्ट त्याच्या शत्रूंनी सांगितलेली नाही. त्याने स्वतःच म्हातारपणी, १९३० साली 'कोलोफन' नावाच्या ग्रंथप्रेमी त्रैमासिकात लिहून ठेवली आहे, आणि तीही मोठ्या खुशीत. त्याच्या शेजारी कोर्ट मॉरिस नावाचा सोळा वर्षांचा एक गोरा मुलगा राहत असे. केंबलने त्यालाच समोर बसवून सगळी पात्रे काढली. हक तोच. बायकी टोपडे आणि जुना झगा चढवला की डग्लसबाई तोच. आणि जिमची पाळी आली की हा मुलगा डोक्यावर एक काळी लोकरी टोपी दडपून बसवी, ओठ पुढे काढी आणि काळ्या लोकांच्या बोलीची नक्कल करीत, पुटपुटत उभा राही. झाला जिम! त्या वेळेपर्यंत केंबलने अमेरिकेतली दक्षिणेकडची संस्थाने, म्हणजे गुलामगिरी जिथे नांदली तो मुलूख, पाहिलेला नव्हता, हेही तोच सांगतो.

मी एकदा नववीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली. मुले खूप हसली. मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "सर, म्हणजे ह्या चित्रात जिम नाहीच?" मी म्हटले, नाही. एवढा नेमका अभिप्राय मी पुढे कोणा समीक्षकाच्या लेखात वाचलेला नाही.

हे एका पोराच्या नकलेवरून काढले गेले एवढाच आक्षेप असता तर मी सोडून दिले असते. चित्रकार काय काढतो यापेक्षा काय काढीत नाही, ह्यात त्याचे मन दिसते. केंबलच्या हाती कादंबरीचे हस्तलिखित येत होते. प्रसंग निवडणे त्याच्याकडे होते. ती निवड तपासू या.

आठव्या प्रकरणात जिम प्रथम हकला बेटावर भेटतो. हक मेला अशी सगळ्यांची समजूत. जिम त्याला भूत समजतो आणि घाबरून गुडघे टेकतो. हे चित्र केंबलने अगत्याने काढले आहे. 'जिम आणि भूत'. चोविसाव्या प्रकरणात त्याला निळा रंग फासून आजारी अरबाचे सोंग देतात. तेही काढले आहे. पंधराव्या प्रकरणात मात्र निराळी गोष्ट घडते. धुक्यात दोघांची ताटातूट होते. रात्रभर हाका मारून थकलेला जिम अखेर तराफ्यावर झोपतो. हक हळूच परत येतो आणि सारे तुला स्वप्नात दिसले असे सांगून त्याची थट्टा करतो. जिमच्या ध्यानात थट्टा येते आणि तो त्या गोऱ्या पोराला असे काही सुनावतो, की ते पोर शरमेने काळवंडते. पंधरा मिनिटे मनाशी झगडून हक एका गुलामाची माफी मागतो. अमेरिकन वाङ्मयात एका गोऱ्याने काळ्याची मागितलेली ही माफी म्हणजे ह्या कादंबरीचा कणा आहे. केंबलने ह्या प्रकरणात तीन चित्रे दिली. त्यांतल्या एकात जिम आहे. तो तराफ्यावर झोपलेला आहे. बोलणारा जिम नाही. माफी मागणारा हक नाही.

तेविसावे प्रकरण घ्या. पहाटे हकला जाग येते तेव्हा जिम गुडघ्यांत मान घालून विव्हळत असतो. त्याला आपली चार वर्षांची मुलगी आठवते. दार लाव म्हटले तरी ती ऐकेना म्हणून त्याने तिला मारले होते. आणि मागाहून त्याला कळले होते की लालतापाने ती पोर बहिरी झाली आहे. हे पान मी वर्गात मोठ्याने वाचायला घेतो आणि मला ते एका दमात पुरे करता येत नाही. केंबलला ह्या प्रकरणात भामट्यांचे नाटक दिसले, नाटकाला आलेल्या लोकांचे फुगलेले खिसे दिसले, आठवा हेन्री बोस्टनच्या बंदरात चहा बुडवताना दिसला. जिमचे रडणे दिसले नाही. एकतिसाव्या प्रकरणात जिमला पकडून द्यावे की नरकात जावे, असा हकला पेच पडतो, तेव्हा विचारात पडलेल्या हकचे चित्र आहे. गोऱ्या मुलाला मन आहे हे केंबलला ठाऊक होते. ते कसे काढायचे हेही ठाऊक होते.

आता त्या सुप्रसिद्ध 'काळा'कडे वळू.

केंबलच्या जन्माच्या बारा वर्षे आधी, १८४९ साली, गुलामगिरीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस आपल्या 'नॉर्थ स्टार' ह्या पत्रात लिहून गेला होता, की गोऱ्या चित्रकारांच्या हातून काळ्या माणसाचे निःपक्षपाती चित्र उतरणे जवळजवळ अशक्य आहे. ते त्याच्या चेहऱ्याची ठेवण आपल्या समजुतीप्रमाणे फुगवून काढतात. डग्लस नुसते लिहून थांबला नाही. त्याने आयुष्यभर स्वतःची छायाचित्रे काढवून घेतली, इतकी की एकोणिसाव्या शतकात ज्यांची सर्वांत जास्त छायाचित्रे निघाली अशा अमेरिकनांत त्याची गणना होते. कोट, बो, सिंहासारखे केस, आणि हसू नाही. काळाने केंबलच्या कानाशी येऊन हे सांगितले होते. त्याने ऐकले नसेल, तर कान त्याचे होते.

दुसरा साक्षीदार चित्रकारांतलाच. विन्स्लो होमर. हाही केंबलसारखाच साप्ताहिकात चित्रे काढून पोट भरणारा. 'हार्पर्स वीकली'चा माणूस. यादवी युद्धाच्या काळातली त्याची छापील चित्रे पाहिली तर काळ्या माणसांची तीच स्वस्त थट्टा त्यांतही आहे. ते मी लपवीत नाही. परंतु युद्धानंतर होमर व्हर्जिनियात गेला, तिथल्या माणसांसमोर बसला आणि त्याचा हात बदलला. १८७६ साली त्याने 'कापूस वेचणाऱ्या' ह्या दोन तरुणी रंगवल्या. कापसाच्या शेतात आभाळाला टेकल्यासारख्या उभ्या, एकीची नजर दूर कुठेतरी लागलेली. त्याच साली 'जुन्या मालकिणीची भेट'. गुलामगिरी सुटल्यानंतर पूर्वीची गोरी मालकीण झोपडीत आली आहे, आणि समोरच्या बायकांपैकी एक बसलेली आहे ती उठून उभीही राहत नाही. एवढ्या साध्या गोष्टीत त्या माणसाने सारी क्रांती सांगितली. ही चित्रे केंबलच्या जिमच्या आठ वर्षे आधीची आहेत. देश तोच, धंदा तोच, काळ तोच.

आणि काळाचीच गोष्ट निघाली म्हणून आपल्याही एका माणसाचे नाव घेतो. १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ज्यांनी निग्रो गुलामांना मोकळे करण्यासाठी झीज सोसली. फुल्यांनी अमेरिका पाहिली नव्हती. केंबलने दक्षिण पाहिली नव्हती. पाहिले नाही म्हणून समजले नाही, ही सबब ज्याला द्यायची असेल त्याने ही दोन नावे शेजारीशेजारी लिहून पाहावी.

बरे, हा तेविसाव्या वर्षीचा पोरकटपणा होता आणि पुढे तो निवळला म्हणावे, तर तेही नाही. हकच्या चित्रांतला जिम लोकांना आवडला. कादंबरीतले उतारे 'सेंच्युरी' मासिकात आले होते, त्या मासिकाने केंबलला जवळ केले आणि तो दक्षिणेतल्या काळ्या लोकांचा खास चित्रकार म्हणून नावारूपाला आला. न पाहिलेल्या गोष्टीचा तज्ज्ञ! १८८६ साली जॉर्ज वॉशिंग्टन केबल ह्या लेखकाने न्यू ऑर्लिन्समधल्या काँगो चौकातल्या गुलामांच्या नृत्यावर लेख लिहिले. ती नृत्ये कैक वर्षांपूर्वीच बंद पडली होती. केंबलने कल्पनेने ती काढून दिली. जाझ संगीताचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत ती चित्रे वारंवार छापली गेली आहेत, जणू तो तिथे वही घेऊन उभा होता. चित्राची ही गंमत आहे. मजकुराला लोक 'कशावरून?' म्हणून विचारतात. चित्राला विचारीत नाहीत.

१८९६ साली त्याने आपल्या नावावर एक संग्रह काढला : 'केंबल्स कून्स'. कून ही शिवी आहे. रकून नावाच्या जनावरावरून काळ्या माणसांना दिलेली. आपल्या नावाच्या षष्ठीत शिवी गुंफून ती मुखपृष्ठावर मिरवायची, याला काय म्हणावे? आणि १८९८ साली त्याने मुलांसाठी वर्णमालेचे पुस्तक काढले, 'अ कून अल्फाबेट'. मी मुळाक्षरे शिकवणारा माणूस आहे, म्हणून इथे जरा थांबतो. प्रत्येक अक्षराला एक काळे पोर, त्याची एक फजिती, खाली यमक. अक्षर ओळखायला शिकता शिकता गोरे मूल काय शिकत असेल? 'अ' म्हटले की आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढे अननस येतो, आणि म्हातारपणी अक्षर विसरेल पण अननस विसरणार नाही. ज्या वयात मुलाचे मन ओल्या मातीसारखे असते त्या वयात ह्या इसमाने सव्वीस ठसे उमटवले. त्याच्या पाच वर्षे आधी, १८९३ साली, हेन्री ओसावा टॅनर ह्या कृष्णवर्णी चित्रकाराने आजोबा नातवाला मांडीशी घेऊन बँजो शिकवतो आहे असे चित्र रंगवले होते. नकल्यांच्या रंगभूमीने थट्टेचे केलेले तेच वाद्य. पण इथे दोघेही वाजवण्यात असे बुडाले आहेत की पाहणाऱ्याकडे त्यांचे लक्षच नाही.

सर्वांत वाईट गोष्ट अजून सांगायची आहे. पॉल लॉरेन्स डनबार हा एके काळी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेला कवी. १८९८ साली त्याचा पहिला कथासंग्रह 'फोक्स फ्रॉम डिक्सी' डॉड, मीड कंपनीने काढला, आणि त्याला चित्रे कोणाची दिली? केंबलची. काळ्या लेखकाने आपल्या माणसांच्या गोष्टी लिहाव्या आणि वाचकाला ती माणसे केंबलच्या खिडकीतून दाखवावी! गंमत अशी की दुसऱ्याच वर्षी, १८९९ साली, त्याच प्रकाशकाने त्याच डनबारच्या कविता 'पोएम्स ऑफ केबिन अँड फील्ड' ह्या नावाने काढल्या तेव्हा त्यात हॅम्प्टन येथील शिक्षणसंस्थेच्या छायाचित्र मंडळाने काढलेली छायाचित्रे घातली. म्हातारे, पोरे, झोपड्या, चुली, खरीखुरी माणसे. म्हणजे प्रकाशकालाही दुसरा रस्ता ठाऊक होता. तरी डनबारच्या पुढच्या कथासंग्रहाला, १९०० साली, चित्रकार पुन्हा केंबलच.

केंबलला बरेवाईट कळतच नव्हते, असे कोणी म्हणेल. १९०५ साली 'कोलियर्स' साप्ताहिकाने गल्लाभरू औषधवाल्यांविरुद्ध मोहीम उघडली. दारू आणि अफू घातलेल्या बाटल्या हे लोक पोराबाळांना पाजीत. त्या मोहिमेसाठी केंबलने 'मृत्यूची प्रयोगशाळा' हे चित्र काढले. एक भयंकर कवटी आणि तिच्याभोवती विषाच्या बाटल्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अन्न व औषधांच्या शुद्धतेचा कायदा झाला, आणि त्या चित्राचा लोकमतावर परिणाम झाला हे सगळे कबूल करतात. म्हणजे अन्याय कशाला म्हणतात हे त्या हाताला कळत होते. बाटलीतले विष त्याला दिसले.

आता ट्वेनसाहेबांचे काय? त्यांना मी मोकळे सोडणार नाही. चार्ल्स वेब्स्टर हा त्यांचा भाचजावई. कंपनी त्यांच्याच पैशाची. लेखक तेच, मालक तेच. चित्रे छापण्यापूर्वी त्यांच्या नजरेखालून जात. त्यांनी हकच्या तोंडाबद्दल तक्रार केली आहे. ते फार आयरिश वळणाचे झाले म्हणून. राजा धर्ममेळाव्यात पोरींचे मुके घेतो त्याचे चित्र त्यांनी नामंजूर केले, आणि कारण काय दिले? तर चित्र फार उघडपणे सत्य सांगून जाते. अगदी खरे! चित्राचे सामर्थ्य इतके नेमके ओळखणाऱ्या ह्या माणसाने जिमच्या तोंडाबद्दल चकार शब्द लिहिल्याचे उपलब्ध पत्रांत दिसत नाही. तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांचे खेळ त्यांना स्वतःला फार आवडत. राल्फ एलिसन ह्या कृष्णवर्णी कादंबरीकाराने १९५८ साली म्हटले, की ट्वेनने जिमला त्या नकल्यांच्या साच्यातच बसवले, पण त्या मुखवट्याआडून जिमचे माणूसपण आपल्याला दिसते. मला हा निवाडा मान्य आहे. ट्वेनने निदान अधूनमधून मुखवटा काढला. केंबलने मुखवट्याचेच चित्र काढले.

आणि आजचे शहाणे? २०११ साली अमेरिकेत एका प्रकाशकाने ह्या कादंबरीतला 'निगर' हा शब्द, जो तिच्यात दोनशेहून अधिक वेळा येतो, बदलून तिथे 'गुलाम' असा शब्द घातला. देशभर वाद माजला. शब्द कितीदा आला ते लोकांनी मोजून काढले. चित्रांतला जिम कितीदा गुडघ्यावर आहे, कितीदा झोपलेला आहे, कितीदा तोंड वासून आहे, हे त्या गदारोळात किती जणांनी मोजले? पर्सिव्हल एव्हरेट ह्यांनी २०२४ साली 'जेम्स' ही कादंबरी लिहून तीच कथा जिमच्या तोंडून सांगितली आणि २०२५ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, तेव्हा कुठे जिमला स्वतःची वाणी आली.

केंबल १९३३ साली वारला. त्याची चित्रे जाळा असे मी म्हणत नाही. जाळलेले पुस्तक कोणाला काही शिकवीत नाही. ती जपून ठेवावी, अभ्यासावी. परंतु 'मूळ चित्रांसह' अशी पताका लावून ती मुलांच्या पुस्तकात घालू नयेत, आणि घातली तर शेजारी कोर्ट मॉरिसची गोष्ट छापावी.

इतके तावातावाने लिहिण्याचा मला अधिकार कितपत, ते आता सांगून टाकतो. बारातेरा वर्षांपूर्वी माझी एक कथा एका दिवाळी अंकात आली. तिच्यात ऊस तोडायला आलेली एक बाई होती. मी तिला कारखान्याच्या अड्ड्यावर पाहिली होती. पाचटाने कापलेले हात, अंगात नवऱ्याचा शर्ट, आणि मुकादमाशी हिशेब करताना एका पैशाला न चुकणारी. अंक हाती आला. कथेवर चित्र होते : उघडी पाठ, घट्ट चोळी, कमरेवर हात, नजरेत आमंत्रण. चित्रकाराने ऊसतोडीची बाई कधी पाहिली नसावी. पण माझ्या कथेत ती कशी आहे हे तर लिहिलेले होते! मी संपादकांना पत्र लिहायला घेतले आणि फाडून टाकले. एवढ्या मोठ्या अंकात आपले नाव छापून आले आहे, उगाच कशाला वाकडेपणा घ्या, असा विचार केला. पुढच्या हंगामात ती टोळी पुन्हा आमच्या भागात आली. त्या बाईचा मुलगा माझ्या शाळेत चार महिने बसला. शाळेच्या कपाटात तो अंक होता. मी तो घरी नेऊन ठेवला.

गेल्या वर्षी त्या कथांचे पुस्तक करायचे ठरले तेव्हा प्रकाशकांनी ते जुने चित्र मुखपृष्ठावर घेऊ या म्हणून सुचवले. मी नको म्हटले. दुसरे काढून घ्यायला सवड नव्हती. ते म्हणाले, "मास्तर, चित्राशिवाय पुस्तक बोडके दिसेल हो."

म्हटले, दिसू द्या.